बाळंतपणाला निघालेली आत्या

माझ्या आत्याइतक्या जय्यत तयारीनं आजवर कुणी बाळंतपणाला गेलं नसेल, आणि गंमत म्हणजे बाळंत ती होणार नव्हती, मी होणार होते. पोट माझं, तारीख माझी. पण दिवस तिनं मोजले, डोहाळे तिला लागले आणि शेवटच्या महिन्यात तहानभूकही तिचीच हरपली. माझं आणि बाळाचं मिळून सगळं सामान एका पिशवीत बसलं होतं. आत्याच्या तीन पिशव्या भरल्या, तरी तिचं आपलं चालूच, "आणखी काय लागंल गं? इसरलं तर मला सांगू नको मंग."

आत्या अंगानं भरभक्कम आहे. हे मी चोरून सांगत नाही, ती स्वतःच चारचौघांत सांगते. "मी पुढं जाते, मव्हं अंग मागून येतं," असं म्हणून आपणच आधी हसून घेते, म्हणजे दुसऱ्याला हसायचं कारण उरत नाही. लग्नाच्या मांडवात शिरली की ती नवरानवरी बघत नाही, खुर्च्या बघते. प्लास्टिकची खुर्ची आधी हातानं दाबायची, मान हलवायची, मग तिच्यात दुसरी खुर्ची बसवायची आणि त्या जोडखुर्चीवरून निर्धास्त अक्षता टाकायच्या. एकदा यजमानांनी मानानं सोफ्यावर बसवलं, तर पंगती उठल्या तरी ही जागची हलेना. नंतर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "उठायचं भ्या वाटून राहिलं बाई. संगं सोफाबी आला तर?"

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, आणि अर्धापूरच्या घरी उरले फक्त बाबा आणि त्यांची केळीची बाग. सातव्या महिन्यात ओटी भरून लातूरच्या सासरहून मी माहेरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या चाकूरहून येऊन दाखल. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत एक बाई सोबतीला आत थांबू शकते. "कोण थांबणार?" मी म्हटलं, "आत्या." आत्या तिथंच भिंतीला टेकून उभी होती, कारण खुर्च्यांना हात होते. तिचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं आता ही डॉक्टरीणबाईंच्या पाया पडते. आणि दुसऱ्याच क्षणी तिची नजर बाळंतिणींच्या खोलीच्या दाराकडे गेली.

त्या क्षणापासून दवाखान्याची तपासणी सुरू झाली. त्या दाराची एक फळी कायम कडी लावून बंद. आत्यानं सिस्टरला विचारलं, "ही बी उघडती का, का नुसती शोभेला हाय?" लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' अशी पाटी वाचून लिफ्टमनला म्हणाली, "सहा म्हंजे कसली सहा? तुमच्यासारखी का माझ्यासारखी?" तो बिचारा अदबीनं म्हणाला, "मावशी, तुम्ही व्हा पुढं, मी जिन्यानं येतो." पण तिचा खरा शत्रू निघाला तो खाटेजवळचा गोल, चाकांचा स्टूल. त्याच्याकडे तिनं बराच वेळ बघितलं, पायानं ढकलून बघितलं. तो सुळकन भिंतीला जाऊन भिडला. "ह्येच्यावर बसू मी? अन् मी पडले तर डॉक्टरीणबाईनं तुझ्याकडं पाहावं का माझ्याकडं?"

यावर तिनं उपाय काढला तो बसायचंच नाही असा, आणि उभं राहायचा सराव सुरू झाला. मालिका उभ्यानं बघायच्या, शेंगा उभ्यानं सोलायच्या. त्यातच आत जाताना घालायचा दवाखान्याचा हिरवा झगा तिच्या कोपरापाशीच अडकला होता. मग चाकूरच्या शिंप्याकडून तसल्याच कापडाचा झगा शिवून मागवला. तो जन्मभर ब्लाउज शिवणारा माणूस. त्यानं सवयीनं गळ्याला पायपिंग लावलं, आणि तिच्या सांगण्यावरून खारका ठेवायला एक खिसा. झगा अंगाला सरावावा म्हणून ती तो घालून भाकरी थापू लागली. आठवड्याभरात गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या हात पुढे करून दारात हजर, "बाई, जरा बीपी पाह्य." आत्यानं त्यांना मीठ कमी खायला सांगून वाटेला लावलं. दुपारी आम्ही दोघी मोबाईलवर बघून श्वासाचे प्रकार करायचो. माझ्यापेक्षा तिचाच आवाज मोठा, इतका की बाबा एकदा बागेतून धावत आले आणि म्हणाले, "दम लागला का हिला? गाडी काढू का?"

मी पोट धरून हसायचे. पण एका दुपारी मी तिला म्हटलं, "आत्या, लोक हसतील म्हणून एवढी कशाला घाबरतेस?" तेव्हा ती खारका निवडता निवडता थांबली. "हसू दे की. हसण्याला कोण भ्यायलंय? तुझी माय कशी काडीसारखी, कुठंबी मावायची. ती नाही म्हणून मी हाय. अन् मीच आत मावले न्हाई तर? मला भायेर काढतील, अन् तू एकली राहशील." त्यानंतर मी तिच्या झग्यावर विनोद केला नाही. त्या दिवशीचं रडू मी श्वासाच्या व्यायामात खपवलं.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळी आठला कळा सुरू झाल्या. बाबांनी गाडी काढली, तिन्ही पिशव्या चढल्या, आत्या मागं माझ्याशेजारी बसली आणि नांदेड येईपर्यंत मला श्वास शिकवत राहिली. दवाखान्याच्या दारात तिनं पिशवी उघडली आणि तिचा हात तसाच थांबला. जंतू नकोत म्हणून पहाटे उठून तिनं झगा तिसऱ्यांदा धुतला होता. तो अर्धापूरच्या अंगणात दोरीवर वाळत होता.

सिस्टर म्हणाली, "झग्याशिवाय आत नाही सोडता येत." आत्याचे डोळे भरलेले, हातात उघडी पिशवी. मला कळ आली आणि मी तिचं मनगट घट्ट धरलं, सोडेचना. सिस्टरनं आमच्या दोघींकडे पाहिलं, कपाटातून दवाखान्याचेच दोन झगे काढले, एक आत्याला पुढून लावला, दुसरा मागून, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत नाड्यांना नाड्या बांधल्या. "चला मावशी. तुमच्यासारख्या रोज येतात इथं." मग तिनं वरची कडी काढली आणि दाराची दुसरी फळीही उघडली.

आत स्टूल होता तिथंच होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाच्या तरी गळ्यात हात टाक, अंग सैल सोड. मी आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि सगळा भार तिच्यावर सोडला. कळ आली की मी लोंबकळायचे, पण आत्या तसूभर हलली नाही. शिकलेले श्वास आम्ही दोघीही साफ विसरलो होतो. ती नुसतं म्हणत होती, "हाव माय, हाव. हाय मी. हाय मी हितं." दुपारी दोनच्या सुमारास मुलगी झाली. तोवर आत्या एकदाही बसली नव्हती.

बाबा बाहेर अस्वस्थ फेऱ्या घालत होते. आत्या दारातून बाहेर आली, नाड्या अर्ध्या सुटलेल्या, केस विस्कटलेले. "काय झालं?" बाबांनी विचारलं. आत्या ओक्साबोक्शी रडत म्हणाली, "दादा, मावले मी!" मुलगी का मुलगा हे कळायला बाबांना आणखी तीनदा विचारावं लागलं.

मला आता पुन्हा दिवस गेलेत, सातवा लागलाय. पहिलं माहेरी तर दुसरं सासरी, अशी रीत. लातूरच्या दवाखान्यातही एकाच बाईला आत सोडतात, आणि तो मान सासूबाईंचा. सासूबाई शांत आहेत, मायाळू आहेत, त्या सोबत असल्या तर कशाचीही कमी पडायची नाही, हे मला ठाऊक आहे. परवा आत्याला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बराबर हाय. त्येबी आईच हायत तुझ्या. त्यांनाच आत घे. म्या भायेर बसते." मी फोन ठेवला. शेजारी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. "कुणाचा गं?" त्यांनी विचारलं. मी "आत्याचा" म्हटलं, आणि आत मला तीच हवी आहे हे सांगायचं सोडून त्यांच्या पुढ्यातली भाजी निवडायला घेतली.