खातं माहेरच्या नावाचं

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या ऑफिसात एक साथ आली. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या खात्यांची नावं बँकांनी इंटरनेटवर टाकली आहेत असं कुणीतरी कुठेतरी वाचलं, आणि जो तो आपापल्या आजोबा-पणजोबांना शोधायला लागला. मीही त्यातलीच. हिंजवडीहून कोथरूडला परतताना कंपनीची बस वाकडला अशी काही रुतून बसायची की माणसाच्या सात पिढ्या शोधून व्हाव्यात. बाबांचं नाव टाकलं, आजोबांचं टाकलं. काही नाही. आमच्या घराण्यात कुणी बँकेत पैसे विसरेल हे शक्यच नव्हतं.

घरी आल्यावर मी हे हसत सांगितलं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं टाक की."

मी टाकलं. नाही.

"ते नव्हे गं," ती म्हणाली. "माझं नाव."

आईचं लग्नात नुसतं आडनाव बदललं नव्हतं, नावच बदललं होतं. त्या काळी तसं सर्रास करत. लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे वाटायचे. सकाळपर्यंत जी एक होती ती रात्री दुसरीच. माझ्या लग्नात हा विषय निघाला तेव्हा मी सरळ नाही म्हणाले, आणि मला वाटतं त्या बैठकीत सगळ्यांत खूश आईच झाली होती. तिचं माहेरचं नाव मला ऐकून माहीत होतं, पण कधी उच्चारायची वेळ आली नव्हती. आई ती आईच. त्या रात्री मी ते पहिल्यांदा टाइप केलं, आणि पडद्यावर ते आलं. नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव आणि रास्ता पेठेतला पत्ता.

आईने हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग जे सांगितलं ते मी एवढी घोडी झाले तरी मला ठाऊक नव्हतं. लग्नाआधी तीन वर्षं ती पिंपरीला रेडिओच्या कारखान्यात सुट्या भागांना डाख द्यायची. पगारातला निम्मा घरात आणि निम्मा बँकेत. लग्नानंतर एकदा ती पैसे काढायला गेली, तर कारकून म्हणाला, खात्यावरच्या बाई तुम्हीच, याचा काही कागद आणा. घरी सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, कुठे पळून जातायत पैसे?" आणि खरोखरच ते पळून गेले नव्हते.

तिला पैशांची गरज नव्हती. बाबांची फॅमिली पेन्शन येत होती, मी कमावत होते, आणि आमच्या क्षेत्रातल्या पगारांविषयी न बोललेलंच बरं. पण पेन्शन बाबांच्या नोकरीची होती आणि बाकीचं माझ्या. हे एवढंच तिचं होतं, आणि तिला ते हवं होतं. इतकं सरळ तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बँकेत आमच्या वाट्याला विदर्भातून बदलून आलेली एक तरुण अधिकारी आली. तिचे उपकार मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या कुणी आम्हाला फॉर्म देऊन वाटेला लावलं असतं. तिने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गुदामातून जुनं सहीचं कार्ड मागवलं. मग अडचण सांगितली. शाळेचा दाखला जुन्या नावाचा. रेशनकार्ड, पॅन, पेन्शनचं पासबुक, सगळं नव्या नावाचं. मधला दुवाच नाही. लग्नाची नोंदणी कुणी केलीच नव्हती. आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे जपून ठेवलेले आहेत, लग्नपत्रिका मात्र एकही नाही.

"काकू, तुम्ही त्याच, हे सांगणारं कोणी आहे का? तेव्हाचं, घरचं?" तिने विचारलं. "त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा, बाकी मी वरती बोलते ना. होऊन जाईल."

"नाही कुणी," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, सहकारनगरला राहत होती. गुडघे सोडले तर ठणठणीत होती, आणि जीभ तर फारच ठणठणीत होती.

रिक्षात मी चिडले. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांच्याकडे मी हे मागायला जाणार नाही. राहू दे." आईचं आणि आत्याचं भांडण असं कधी झालं नव्हतं. हळदीकुंकू, दिवाळी, आजारपण, सगळं रीतसर. पण दोघींमध्ये काहीतरी थंड होतं. लहानपणी मी ते नणंद-भावजय या खात्यावर टाकून दिलं होतं. एकदा मात्र आईच्या तोंडून निसटलं होतं की, ते नवं नाव आत्यानेच कुठल्याशा मासिकातल्या गोष्टीतून काढलं होतं.

मला राहवलं नाही. आईला न विचारता मी आत्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग आत्या म्हणाली, "कुठे यायचं ते सांग."

शिवाजीनगरच्या कोर्टाबाहेर नोटरी बसतात. आत्या येणार म्हटल्यावर आईलाही यावंच लागलं. भर उन्हात आत्या रिक्षातून काठी टेकत उतरली, आईला बघून नुसती मान हलवली आणि नोटरीच्या टेबलासमोर बसली. तो विचारत होता, टाइप करत होता.

"यांना कधीपासून ओळखता?"

"लग्नाआधीपासून. बघायला मी गेले होते."

"आधीचं नाव?"

आत्याने सांगितलं.

"बदललं त्याचा काही पुरावा?"

"तांदळात लिहिलं होतं."

"मग तांदूळ आणलेत का?" नोटरी म्हणाला. पुण्यातलाच तो.

"त्याची खीर झाली. तुम्ही जन्मला नसाल तेव्हा," आत्या म्हणाली. नोटरी पुढचं टाइप करायला लागला.

मग कुणी न विचारता ती बोलायला लागली. "ते नाव घरात आधीच होतं. माझं होतं. आमची आई म्हणाली, एका घरात एका नावाच्या दोघी नकोत. मी म्हटलं, मग वहिनीचं बदला. एकोणीस वर्षांची होते, माझं नाव मी कशाला सोडू? आणि वर्ष झालं नाही तोच माझं लग्न झालं. तिथेही ताट आलंच."

मी थक्क झाले. बाबा तिला शेवटपर्यंत 'बेबी' म्हणत, आम्ही आत्या म्हणायचो, सासरी ती तिसरंच काही होती. माझ्या आईचं आणि आत्याचं नाव एकच होतं, आणि ते आता कुणाचंच नव्हतं.

"हे सगळं लिहायचंय का?" नोटरीने विचारलं.

"लिहा," आत्या म्हणाली.

सह्या झाल्यावर आम्ही बाहेर उसाचा रस प्यायला बसलो. आत्या ग्लासाकडे बघत म्हणाली, "वहिनी, माझं नाव बदललं त्या रात्री मी रडले होते. तुम्ही पाठीवर हात ठेवलात. मला वाटलं, आता बोलाल काहीतरी. ऐकून घ्यायची तयारी केली होती मी."

"काय बोलणार होते?" आई म्हणाली. "तुमचंही गेलंच होतं की."

मग आईने स्वतःच्या ग्लासातला बर्फ काढून टाकला आणि आत्याच्याही ग्लासातला काढला, कारण आत्याचे दात. मी आयुष्यात ज्या काही गोष्टींना उशिरा का होईना हजर राहिले, त्यात ही एक आहे, आणि त्याबद्दल मी त्या वाकडच्या गर्दीचेसुद्धा आभार मानते.

कागद वर जाऊन मंजूर होऊन यायला काही आठवडे लागले. दरम्यान आई वर्तमानपत्राच्या कडेला जुनी सही गिरवत होती. बँकेतून फोन आला तेव्हा तिने आधी आत्याला कळवलं, मग मला. मी रजा टाकली. तिघी गेलो. रक्कम किती ते सांगत नाही, व्याजासकट धरूनही तुम्ही हसाल. पण आई इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि आत्यानेही ठेवणीतली काढली होती.

बाकावर आम्ही बसलो होतो. दोघींचं गुडघ्यांच्या तेलावरून काहीतरी चाललं होतं. तेवढ्यात काउंटरमागून ती विदर्भातली पोरगी उभी राहिली आणि फाइलवरचं नाव बघून तिने मोठ्याने हाक मारली. आडनाव नाही, काकू नाही. नुसतं ते नाव, पुढे ताई.

माझ्या एका बाजूला आई उठली. दुसऱ्या बाजूला काठीवर भार देत आत्याही उठली, आणि मग तिचं तिलाच कळून ओशाळली.

आईने वळून बघितलं. तिने आत्याच्या हाताला धरलं, तिला हळूच बाकावर टेकवलं आणि म्हणाली, "बसा वन्सं. आज मी जाते."