झाकण बदललेला कॅल्क्युलेटर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी चंद्रपुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि त्या दिवशी संख्याशास्त्राचा पेपर होता. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालेल, सूत्रं साठवणारा चालणार नाही, असा विद्यापीठाचा नियम. माझा साधाच होता. अब्बांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान. कोणीतरी टाकून दिलेला कॅल्क्युलेटर त्यांनी चालू करून दिला होता. मागचं झाकण मात्र दुसऱ्याच कॅल्क्युलेटरचं, कापून बसवलेलं.

पर्यवेक्षक सरांनी तो उचलला.

“हे झाकण याचं नाई. उघडला कोनं?”

“अब्बांनी, सर. बिघडला होता.”

“तेच म्हन्तो. आत काय बसवलं, कोनाले मालूम?”

आणि तो टेबलाच्या खणात गेला.

माझ्या पुढे ऊर्जानगरचा मुलगा बसला होता, वीज केंद्रातल्या साहेबांचा. त्याचा सूत्रं साठवणाराच होता. वर्गात सगळ्यांना दाखवून झालं होतं. सरांनी तो उलटसुलट पाहिला, कौतुकानं विचारलं, “कुठी भेटला रे?” आणि अलगद परत ठेवला.

मी उभीच राहिले. “सर, मग मले लॉग टेबल तरी द्या.”

“शिपायाले सांगतो. बस.”

शिपाई आलाच नाही. मी वर्गमुळं हातानं काढत बसले. रागानं आकडे वाकडे येत होते, खोडून पुन्हा लिहीत होते. शेवटचा प्रश्न कोराच राहिला.

पेपर सुटल्यावर अब्बांना बोलावून आणलं. परीक्षा केंद्रप्रमुखांच्या टेबलावर त्यांनी बारीक स्क्रू काढले, झाकण उघडून दाखवलं. आत सेल आणि झाळलेल्या तारा, बाकी काही नाही. पर्यवेक्षक सर शेजारीच चहा पीत होते.

“ठीक आहे, घेऊन जा,” केंद्रप्रमुख म्हणाले. एवढंच.

आणि अब्बा म्हणाले, “शुक्रिया, साहब.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. रस्त्यावर आल्या आल्या मी ओरडले, “शुक्रिया किस बात का?”

अब्बा सायकलचं कुलूप काढत होते. मान वर न करता म्हणाले, “बाकी के पेपर भी यहीं हैं ना, बेटा.”

त्या विषयात मी जेमतेम पास झाले. त्या सरांचा राग काळानं थोडा बोथट झाला. अब्बांना तो शुक्रिया म्हणावा लागला, त्याचा नाही झाला.