जळकोटच्या बसमधल्या मायलेकी

लातूरहून जळकोटला जाताना ती बसमध्ये माझ्या शेजारी होती. नाव मी विचारलं नाही. खिडकीशी तिची विशीतली लेक झोपली होती. बसला गचका बसला की ही लेकीच्या डोक्याआड आपला तळवा धरायची.

"दवाखान्यात आला होता का?" तिच्या मांडीवरची फाईल पाहून मी विचारलं.

"हाव. माझी माय छातीच्या कॅन्सरनं गेली. मग मला झाला. आता बरी हाय मी. पण जीन का काय म्हणतात, त्यातला बदल पिढीतून येतो म्हणले डॉक्टर. लेकीचं रक्त तपासलं. तिच्यातबी निघाला."

मी झोपलेल्या लेकीकडे पाहू लागले. तर ती बाईच मला समजावू लागली, "आजार न्हाई झाला तिला. व्हायचा धोका जास्त हाय, एवढंच. तपासणी करीत राहायची."

"लेक काय म्हणाली?"

"मी रडाय लागले, माझ्याकडूनच गेलं म्हणून. तर म्हणती, आज्जीला कळलंच न्हाई, तुला उशिरा कळलं. मला तर आधीच कळलं की, माय!"

सांगताना ती हसली आणि पदरानं डोळे पुसले.

जळकोट आलं. लेक जागी झाली, आधी खाली उतरली आणि आईसाठी हात वर करून उभी राहिली.