सात्यांचं जंगल, पोलंडमधलं

कुरखेड्याच्या स्टँडवर आई रडली नाही, उलट तिनंच मला एसटीत ढकललं. "जंगलातच चाल्ला ना? मंग कायची फिकर?" पोलंड कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण माझा मामेभाऊ रमेश तिथं होता, आणि तो फोनवर सांगायचा, "सात्या तोडाचं काम हाय बे. तुह्या त डाव्या हातचा मळ!"

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळिंबी. आमच्याकडे पहाटेच जंगलात जायचं, जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही, अन् पानाच्या दोन्यात भरून आणायच्या. माझ्या डोक्यात तेच. मी येडा, बॅगेत टॉर्च अन् गमबूट घेऊन आलो होतो.

इथं निघालं टिनाचं शेड. आत लोखंडी रॅक, ट्यूबलाइट, खताचा वास, अन् रॅकवर मशरूम. सकाळ झालेलीसुद्धा कळत नाही. जंगल होतं, पण शेडच्या मागं. रमेश त्याच्या कडेला उभा राहून गावाला व्हिडिओ कॉल करायचा.

गावात म्हणायचे, गोरे लोक मेल्यालाही विचारत नाहीत. मला ताप चढला तेव्हा सुपरवायझर बाई बीटचं सूप घेऊन आली अन् समोर बसून संपवायला लावलं. रमेश बाजूच्याच बेडवर मोबाइल पाहत पडला होता. त्याला विचारलं, काऊन फसवलं? तर म्हणतो, "खरं सांगतलं असतं त आला असता काय? मले इथी एकट्याले करमत नव्हतं." बाप रे! याला करमावं म्हणून माझं अख्खं आयुष्य उचलून आणलं. परक्यानं केलं असतं तर शिवी देऊन मोकळा झालो असतो.

यंदा त्यानं माझ्या धाकट्या भावाला, विनोदला, फोन लावणं सुरू केलं. तेच जंगल, तीच कड. विनोदनं पासपोर्ट काढला. मागं राहिलेल्यांनो, निघायच्या तयारीत असलेल्यांनो, मी काही लपवलं नाही. शेडमधूनच व्हिडिओ लावला, एकेक रॅक दाखवला. विनोद म्हणाला, "तू जाऊन बसला, अन् मले काऊन अडवून राह्यला?" मागून आई बोलली, "रमेशनं आमाले जंगल दाखवलं बाबा. तू टिन दाखवून राह्यला."

मंगळवारी विनोद उतरतो आहे. त्याला आणायला विमानतळावर रमेश जाणार, मला कोणी यायला सांगितलं नाही. गावाची आठवण येते, फार येते. पण फोन हातात घेतो अन् ठेवून देतो. माझ्या घरात माझ्यापेक्षा रमेशचं खरं मानतात, घराबद्दल आता एवढंच मला पक्कं ठाऊक आहे.