राब पेटू द्यायचा नाही

आमच्या भुकूमच्या घरी प्राणवायूचं मशीन आलं, तेव्हा आईनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं. नाव ठेवलं गिरणी. दिवसभर घरघर करते, तापते, आणि पीठ काही पडत नाही, एवढाच फरक, असं तिचं म्हणणं. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं जे छोटं यंत्र असतं, त्याचा झाला चिमटा. आईनं जन्मभर चुलीपुढं बसून धूर गिळला, उन्हाळ्यात शेतात राब भाजताना आणखी गिळला, आणि आता अंगणातून उंबऱ्यापर्यंत यायचं तरी तिला मधे थांबावं लागत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मशीनचं बटण एकावर ठेवून दिलं. "चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव दिसलं की पुरे. याला हात लावायचा नाही." हे त्या आईशी बोलत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडं. माणसं ओळखणाऱ्या होत्या.

मला न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायची खोड आहे. घरातल्या मिक्सरनं आणि विहिरीवरच्या मोटरनं ती सोसलेली आहे. त्यात मी पडलो भट्टीवरचा माणूस. पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात लोखंडाचे तुकडे लालभडक तापवून घणाखाली द्यायचे, यात माझी सगळी नोकरी सरली. तिथं एक गोष्ट मी कोळून प्यायलो होतो. भट्टीत इंधन जळायला हवा लागते, पण ती जास्त सोडली तर उरलेला प्राणवायू लोखंडालाच खायला उठतो. तापलेल्या तुकड्यावर काळी खपली धरते, आणि घण बसला की पापडासारखी उडून जाते. चांगला माल खपलीत जातो. या खपलीपायी मी भट्टीवरच्या पोरांना पुष्कळ शिव्या घातल्या. "लोखंड तापवायचंय रे, जाळायचं नाही," हे माझं वाक्य. माझ्या निरोपाच्या जेवणात एकानं त्याची नक्कल केली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो होतो.

आता घरी चिमट्यावर रोज नव्वद यायचे. शाळेत मी कधी साठ टक्क्यांच्या पुढं गेलो नाही, पण आईचे वरचे दहा गेले कुठं, हे मला खुपत राहायचं.

"पेपर तपासायला बसल्यावानी काय बसताय?" बायको म्हणायची. "बाईंनी पुरे म्हटलंय न्हवं?"

"पुरे म्हणजे काठावर पास," मी म्हणायचो. "आपल्याला काठावर नकोय."

"तुमी सवता काठावरच हाय की. तुमचं बटण कुणी पिळलं का?"

एका रविवारी बायको भाजी आणायला भूगावला गेली. आई आंघोळ करून आली आणि खाटेवर टेकली ती धापा टाकत. चिमट्यावर आकडा चौऱ्याऐंशी. "बसू दे जरा, हुईल नीट," ती म्हणाली. रोजच व्हायचं ते. पण मला राहवलं नाही. मी बटण पार शेवटपर्यंत पिळलं. मशीनवरच्या काचेच्या नळीतली छोटी गोळी टुणकन वर गेली, आणि हळूहळू चिमट्यावर अठ्ठ्याण्णव आले.

मी त्या आकड्याचा फोटो काढला आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आई बोर्डात आली.' बहिणीनं टाळ्या पाठवल्या, मामांनी हात जोडले. आईचा डोळा लागला होता. गालांवर लाली आली होती. किती दिवसांनी निवांत झोपली म्हणून मी बोटातला चिमटासुद्धा काढला नाही, आणि स्वतःसाठी चहा ठेवला.

बायको आली, तिनं आईला हलवलं. "आत्याबाई, चहा घेताय न्हवं?" आई हूं म्हणाली आणि मान पडली.

"झोपू दे तिला," मी म्हणालो. "अठ्ठ्याण्णव आहेत."

"आवो, ह्यांचं हात बगा. फडफडायला लागल्यात."

मी हात बघितले आणि पुन्हा चिमटा बघितला. बायकोनं तोवर डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. पलीकडून एकच प्रश्न आला असावा, कारण ती मशीनकडं गेली, वाकून बघितलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाचावर हाय." मग तिनं बटण एकावर आणलं.

भूगावात गाड्या नेहमीप्रमाणे तुंबलेल्या. मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर आईचं डोकं, उशाशी छोटा सिलिंडर, त्याचं बटणही बायकोच्याच हातात. "आत्याबाई, डोळं उघडा. मी कोन हाय, सांगा." उत्तर नाही. मी हॉर्न वाजवत होतो. दुसरं काही करायची मला परवानगी नव्हती, आणि लायकीही.

दवाखान्यात आईच्या तोंडाला घट्ट मास्क बांधला आणि हवा आत ढकलणारं यंत्र लावलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वर्षानुवर्षं यांच्या शरीरात थोडा कार्बन डायऑक्साइड साठूनच राहतो, त्याची सवय झालेली असते. प्राणवायू एकदम वाढवला की तो आणखी साठतो आणि माणूस गुंगीत जातो. चिमटा फक्त प्राणवायू मोजतो. हे त्याला कळत नाही."

"शुद्धीवर येईल ना?"

"बघू," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

बाकावर बसून माझ्या डोक्यात नको ते येत राहिलं. शाळेत शिकवलं होतं, खाल्लेली भाकरी शरीरात जळते, पण ज्वाळा न होता, कणाकणानं. भट्टी, चूल, गंज चढलेला पत्रा, आई, सगळीकडं प्राणवायूचा एकच व्यवहार. फक्त प्रत्येकाला सोसेल तेवढाच. हे मला कारखान्यात एका लोखंडाच्या तुकड्यासाठी कळत होतं.

आणि राब आठवला. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, टहाळ, पाला, गवत असं थरावर थर रचायचं आणि सगळ्यावर माती पसरायची, मग एका कडेनं विस्तव लावायचा. माती हवा अडवते, म्हणून राब आतल्या आत धुमसत जमीन भाजतो. लहानपणी मला धुमसणं बघायचा कंटाळा. मी काठीनं मातीला भोकं पाडायचो की भसकन जाळ वर यायचा. आई धुरातून धावत यायची, पाठीत धपाटा घालायची आणि ओंजळीनं भोकं बुजवायची. "पेटू द्याचा नसतो रं भाड्या, धुमसू द्याचा असतो."

बायको शेजारी बसली होती. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आईनं डोळे उघडले. मास्कमधून माझ्याकडं बघितलं आणि हातानं काहीतरी पिळल्याची खूण केली. कुणी सांगितलं होतं तिला, कोण जाणे. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता ती घरी आहे. मशीनच्या बटणावर बायकोनं चिकटपट्टी गुंडाळलीय. चिमट्यावर नव्वद, कधी एकोणनव्वद. मला वाटलं होतं, हात आवरायला शिकलो की भागलं. पण परवा दुपारी उंबऱ्यापासून खाटेपर्यंत आल्यावर आईला दम लागला आणि तिनंच माझी बाही धरली.

"जरा वाडव की रं ती गिरणी."

"नाही वाढवायची, आई."

"जीव घाबरतोय."

"बस. होईल नीट."

"जनमात काय मागितलं न्हाई तुज्याकडं," ती धापेधापेत म्हणाली. "आन आता वाऱ्याला म्हाग केलंस व्हय मला?"

नव्वद. मी तीनतीनदा बघितलं. तो आकडा खरं बोलतोय की नाही, हे आता मला कधीच पुरतं कळणार नाही. मी तिचे हात बघितले, फडफडत नव्हते. नाव विचारलं माझं, तिनं एक शिवी दिली, म्हणजे शुद्धीवर होती. डॉक्टरीणबाईंनी अशा वेळी ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला सांगितलंय. आईला ते शब्द ध्यानात राहत नाहीत, म्हणून मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, तोंडापुढं मूठ धरली आणि फुंकणीत फुंकतात तसं फुंकलं.

तिनं बघितलं. मग तिनंही मूठ धरली, तशीच, चुलीपुढं फुंकणी धरायची तशी, आणि हळूहळू श्वास सोडायला लागली. दोघं फुंकत बसलो. माझा दुसरा हात मी मांडीखाली दाबून ठेवला होता.