धुक्यातला बर्फ

हातातली सोल्डरिंगची कांडी न ठेवता, मान वर न करता तो विचारायचा, “तुमी बघितलंय का?” समोरच्याने नाही म्हटलं की लगेच, “मग गप बसा की.”

तुमच्याही पेठेत असा एखादा असेल. कुणाचंच खरं न मानणारा, आणि चीड यावी इतक्या वेळा बरोबर निघणारा.

भवानी पेठेत त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा माढ्याचा, पण वीस वर्षं मालवाहू बोटींवर वायरलेस सांभाळून आलेला. मी शुक्रवार पेठेतल्या शाळेत भूगोल शिकवायचो. रेडिओ घेऊन गेलो तेव्हा त्यानं माझ्या पिशवीतलं पाठ्यपुस्तक चाळलं आणि हिमनगाच्या चित्रावर बोट ठेवलं.

“ह्यो हिमनग हाय का खडीसाखर?”

आमच्या शिक्षकांच्या खोलीत सोळा जण होते. समुद्र पाहिलेले दोघं, तेही किनाऱ्यावर भेळ खाताना. १९७८ साली बातमी आली की अमेरिकेनं एक उपग्रह सोडलाय. तो रडारनं समुद्र आणि त्यावरचा बर्फ टिपणार, ढगातून आणि काळोखातूनसुद्धा. मुख्याध्यापक म्हणाले, “उजेडाशिवाय फोटो? काहीही छापतात.” सगळे हसले. मीही हसलो, आणि संध्याकाळी ती गंमत सांगायला दुकानात गेलो.

तो हसला नाही.

“फोटो कोण काढतंय? वरून लहरी सोडायच्या, परत येतील त्या मोजायच्या. निवांत पाणी त्या दुसरीकडंच फेकतं, ते काळं उमटतं. खडबडीत बर्फावरनं लई परत येतात, ते पांढरं. त्यात धुकं कशाला आडवं येतंय?”

मग त्यानं पहिल्यांदाच कांडी खाली ठेवली.

उत्तर अटलांटिकमध्ये त्यांच्या बोटीला वायरलेसवर रोज बर्फाची खबर मिळायची. गस्तीच्या विमानातून कुणीतरी डोळ्यांनी बघून दिलेली. एकदा तीन दिवस धुकं हटलं नाही, विमान उडालंच नाही. यानं जुनीच खबर उतरवून कप्तानाला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीकडचा एक खलाशी बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, पहाऱ्याला उभा होता. घराएवढा बर्फाचा तुकडा लाटांत लपला होता, बोटीच्या रडारलाही दिसला नाही. बोट त्यावर आदळली, पण वाचली. धक्क्यानं खलाशी पाण्यात गेला, तो सापडला नाही.

“कागदावर मी लिवलं, बर्फ न्हाय,” तो म्हणाला. “बघितला न्हाय, असं लिवायला पायजे होतं.”

दिवाळीच्या सुमारास तो उपग्रह बंद पडला. विजेचा बिघाड. जेमतेम तीन-साडेतीन महिने चालला. मुख्याध्यापकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. “सांगा तुमच्या रेडिओवाल्याला.” आणि मी खरंच सांगायला गेलो. मनातून जरा खूशही होतो, खोटं कशाला बोलू?

त्यानं हातातल्या रेडिओचा एक स्क्रू आवळला. मग म्हणाला, “मेला, पण बघून मेला. तुमची शाळा जित्ती हाय. ती काय बघतीय?”

पुढच्या उन्हाळ्यात तो माढ्याला बहिणीकडे गेला आणि तिथंच वारला. मला महिन्याभरानं कळलं.

त्याच वर्षी एके दुपारी कुलूपबंद दुकानापुढे एक वयस्क गृहस्थ पिशवी घेऊन उभे दिसले. त्या खलाशाचे भाऊ. दरवर्षी त्यांच्याकडे रेडिओवाल्याचं पत्र जायचं. यंदा आलं नाही म्हणून ते थेट रत्नागिरीहून शोधत आले होते. मी सांगितलं तसे ते पायरीवर बसले.

“मागच्या पत्रात लिहिलं होतं, आता उपग्रहाला वरून धुक्यातलाही बर्फ दिसतो म्हणून,” ते म्हणाले. “आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं. आता कुणाचं पोर तिथं उभं करायला नको.”

मग त्यांनी विचारलं, “अजून बघतो ना तो वरून?”

मी भूगोलाचा शिक्षक.

“बघतो की,” मी म्हटलं.