घरजावई ससा

भुईगावच्या त्या म्हातारीने मला सौदा जिंकू दिला, याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. मुंबईत एखादी इमारत पाडायला घेतली की मी तिथे हजर व्हायचो. सागाच्या चौकटी, लोखंडी ग्रिलं, पितळी कड्या उचलायचो आणि विरारला आणून विकायचो. नव्वदीच्या दशकात विरार पूर्वेला दर महिन्याला नवी चाळ उभी राहत होती आणि नवं दार सगळ्यांना परवडत नव्हतं. या धंद्यात भांडवलापेक्षा तोंड जास्त लागतं. समोरच्याने भाव सांगितला की आधी हसायचं, मग मालातली खोट दाखवायची, आणि तरी नाही जमलं तर पाठ फिरवून चालू लागायचं. बहुतेक वेळा मागून हाक येते. हे मला कुणी शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं रस्त्यावर शिकलो, आणि जे आपलं आपण शिकलो त्याचा माणसाला जरा जास्तच माज असतो.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्याकडे दोन करड्या सशिणी होत्या, एकाच वेताच्या बहिणी. एका खिडकीच्या ग्रिलचा पिंजरा करून मी गॅलरीत ठेवला होता. संध्याकाळी त्या हॉलभर फिरायच्या, टीव्हीची वायर कुरतडायच्या आणि मी ओरडलो की सोफ्याखाली पळायच्या. त्या वर्षी दिवाळीत खालच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली आणि त्या धसक्याने एक सशीण गेली. दुसरीने खाणं सोडलं. मेथीची काडी तोंडाशी धरली तरी मान फिरवायची. गुरांच्या डॉक्टरांनी तिला चाचपून बघितलं आणि म्हणाले, "हिला आजार नाही. हिला सोबत बघा, लवकर बघा."

मुलगी शाळेतून आली की पाठीवरचं दप्तर न काढता आधी गॅलरीत जायची. ती काय बघायला जाते हे मला कळत होतं. जिवंत आहे ना, एवढंच.

माझ्या ओळखीच्या एका सुताराने भुईगावचा पत्ता दिला. तिथे वाडीत एक ख्रिस्ती म्हातारी ससे पाळते, म्हणाला. रविवारी मुलीला टेम्पोत बसवून मी गेलो. अरुंद गल्ली, कोपऱ्यावर क्रूस, पुढे केळीची बाग आणि तिच्या सावलीत लाकडी खोकी मांडलेली. म्हातारीने लाल लुगडं नेसलं होतं आणि ती घास कापत होती. घरातल्यांशी ती आपल्या बोलीत बोलायची, ती मला अर्धीच कळे. माझ्याशी मात्र शाळेतल्या मराठीत.

तिच्याकडे एक पांढरा नर होता, तरुण, शांत. मुलीने त्याला मांडीवर घेतलं आणि तो बसून राहिला. मी भाव विचारला. म्हातारीने सांगितला. मी हसलो, त्याचे कान लहान आहेत म्हणालो, आणि तिने लगेच भाव उतरवला. इतक्या सहज कुणी उतरलं की मला संशय येतो.

"पण एक आहे," ती म्हणाली. "नर आज न्यायचा नाही. तुमची मादी इथे आणा. आठ दिवस त्याच्या शेजारच्या खोक्यात राहील, मध्ये जाळी. रोज ह्याचा घास तिच्याकडे टाकायचा, तिचा ह्याच्याकडे, म्हणजे वासाची ओळख होते. मग एकत्र सोडायची. दोघं जमली की घेऊन जा."

"आणि तोवर माझी मादी तुमच्याकडे?"

"मादी नराकडे न्यायची असते, भाऊ. नर मादीच्या घरात नेला तर ती फाडते त्याला. तिची जागा असते ती."

"आणि या आठ दिवसांत ती गाभण राहिली तर पिल्लं कुणाची?"

"तुमची."

"तिच्या खाण्याचे पैसे?"

"दोन मूठ घासाचे काय पैसे?"

काहीच न मागणारा माणूस मला धंद्यात भेटला नव्हता. यात काहीतरी मेख आहे असं मी धरून चाललो. मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, आजी सांगतायत तसं करूया ना." मी तिला गप्प केलं. म्हातारीला म्हणालो, "आज ससा देत असाल तर बोला, नाहीतर राहू द्या." उठलो, मुलीचा हात धरला, टेम्पोत बसलो आणि इंजिन चालू केलं.

हाक आली. म्हातारी ससा टोपलीत घालून गल्लीपर्यंत आली. टोपली तिने माझ्या हातात दिली नाही, मुलीच्या मांडीवर ठेवली. "निदान वेगळे ठेव गं बाय," तिला म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मी जिंकलो होतो. वसईच्या फाट्यापर्यंत मी शीळ घालत गाडी चालवली.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नानंतर तीन वर्षं मी मनवेलपाड्याला सासऱ्यांच्या खोलीत राहिलो. मला जागा नव्हती, त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. त्या तीन वर्षांत मला खोलीची किल्ली कुणी दिली नाही. मी येऊन दार वाजवायचो आणि कुणी उघडेपर्यंत व्हरांड्यात उभा राहायचो. पाहुणे आले की सासरे ओळख करून द्यायचे, "हे आमचे घरजावई." चेष्टेत म्हणायचे. चहाचे कप हातात घेऊन सगळे हसायचे आणि मीही हसायचो. फ्लॅट घेतला त्या दिवशी मी बायकोला बजावलं होतं, हा शब्द माझ्या दारात आला तर बघ.

ससा घेऊन वर आलो तर शेजारची वहिनी दारातच होती. "अगं बाई, नवरामुलगा आला वाटतं! वरात कुठंय?"

माझी बायको हात पुसत बाहेर आली. टोपलीत डोकावली आणि हसून म्हणाली, "वरात कसली, नवरी माहेरीच आहे. घरजावई आणलाय यांनी."

वहिनी खिदळली. बायकोने खरंच सशावरून मेथीची एक काडी ओवाळून टाकली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा कानशिलं तापली. मी टोपली घेऊन सरळ गॅलरीत गेलो.

"पप्पा, आजींनी वेगळं ठेवायला सांगितलंय," मुलगी मागून म्हणाली. "माझ्या जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू या ना त्याला. मी भोकं पाडते."

"पुठ्ठ्याच्या खोक्यात का? कुणाकडे भीक मागायला आलाय का तो? हे घर त्याचंही आहे."

मी पिंजरा उघडला आणि ससा आत सोडला.

सशीण आधी हललीच नाही. मग तिने एकदा पाय आपटला आणि तुटून पडली. इतके दिवस मेथीची काडी न चघळणाऱ्या त्या मरतुकड्या जिवात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. दोघं गोल गोल फिरत होती, पांढऱ्या केसांचे पुंजके ग्रिलमधून बाहेर उडत होते. ससा ओरडला. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं, लहान मुलासारखा आवाज असतो. मी हात घातला तेव्हा त्याचा कान फाटला होता आणि माझ्या अंगठ्यातही दात रुतले.

तिला मी मानगुटीला धरून बाहेर ओढलं. इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तिला संडासाच्या बाहेरच्या बोळात नेलं, वर भाजीचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला आणि क्रेटवर वीट ठेवली. पिंजऱ्यात ससा एकटा राहिला.

"आता घर त्याचं," मी म्हणालो. "बाहेरून आलेल्याला चावतेस काय? बस आता बाहेर, कळू दे कसं वाटतं ते."

मी हे सशिणीला म्हणालो. ऐकत माझी मुलगी उभी होती, आणि बायकोही. बायकोचा चेहरा पडला. हे तिला आणि तिच्या बापाला होतं हे तिला बरोबर समजलं. मुलीला तेवढं समजलं नसेल. तिला एवढंच दिसलं की बापाने तिच्या सशिणीला तिच्याच घरातून काढून विटेखाली ठेवलं.

दोन दिवस सशिणीने पाण्याला तोंड लावलं नाही. लेंड्या बंद झाल्या. क्रेटच्या कोपऱ्यात अंग आखडून दात करकरवत बसायची. मुलगी बोळात फरशीवर बसून गृहपाठ करायची. दुसऱ्या रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, आजींकडे नेऊ या."

"ज्या बाईला आपण ऐकवून आलो तिच्या दारात परत जायचं?"

"तुम्ही ऐकवलंत. मी नाही."

मी ताट सरकवून उठलो. चुकलो हे मला त्याच दिवशी कळलं होतं, अंगठा सुजला होता तेव्हाच. पण परत जाणं म्हणजे उतरलेला भाव पुन्हा वर नेऊन देणं, आणि तसं मी आयुष्यात केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दादरहून माल घेऊन आलो तर पिंजरा रिकामा, क्रेट रिकामा, वीट भिंतीला टेकवून ठेवलेली. ओट्यावर चिठ्ठी होती, बायकोच्या अक्षरात. दोन्ही ससे घेऊन मायलेकी एसटीने भुईगावला गेल्या होत्या. भात कुकरमध्ये आहे, एवढंच वर लिहिलेलं.

टेम्पोतला माल न उतरवता मी तसाच गेलो. तिथे पोचलो तेव्हा म्हातारी कापसाच्या बोळ्याने सशिणीच्या ओठांवर पाणी सोडत होती. सशीण सशाच्या जुन्या खोक्यात होती आणि ससा शेजारच्यात, मध्ये जाळी. मुलीने मला बघितलं आणि पुन्हा खोक्याकडे तोंड केलं.

मी म्हातारीला म्हणालो, "मावशी, एवढं जर माहीत होतं तर नीट सांगायचं."

"सांगितलं होतं."

"जोर देऊन सांगायचं. दिला कशाला मला ससा?"

तिने बोळा वाटीत पिळला. "पोर रडवेली झाली होती, भाऊ. तुम्ही निघाला होता तिला घेऊन. तुम्हाला नाही दिला तो."

बायको केळीच्या बुंध्याशी उभी होती. ती मुलीशेजारी जाऊन बसली, आणि त्याचा मला जास्त राग आला. चार वाक्यं सुनावून मी निघून आलो. काय सुनावली ते लिहीत नाही. त्यात एकही खरं नव्हतं.

सशीण वाचली. तिथे तिसऱ्या दिवशी तिने केळीचं कोवळं पान खाल्लं, असं बायकोने सांगितलं. त्या दोघी शाळा सुटली की एसटीने जायच्या आणि अंधार पडता परत यायच्या. मी त्या आठवड्यात दुकानाच्या मागे बसून नवा पिंजरा केला. दुप्पट मोठा, मध्ये सरकती जाळी, दोन्हीकडे दारं, खाली लेंड्यांसाठी पत्र्याचा ट्रे. इतकं मन लावून मी गिऱ्हाइकाचं दारही कधी केलं नव्हतं.

नवव्या दिवशी पिंजरा टेम्पोत टाकून गेलो. दोन्ही ससे एकाच खोक्यात अंगाला अंग लावून पसरले होते. सशीण त्याचा फाटका कान चाटत होती.

"चला," मी मुलीला म्हणालो. "बघ, काय केलंय."

तिने पिंजरा नीट बघितला. जाळी सरकवून बघितली. "छान आहे," म्हणाली. मग म्हणाली, "त्यांना इथेच राहू दे, पप्पा."

"पूर्ण गॅलरी देतो त्यांना. कपडे आई आत वाळत घालेल."

"नको."

"शेजारचं कुणी काही बोलणार नाही. मी बघतो."

"नको, पप्पा."

"मी हात लावणार नाही त्यांना."

यावर तिने म्हातारीकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडे नको बघू. ससे तुझे, बाप तुझा."

मुलगी खोक्याची कडी लावत म्हणाली, "आज नाही लावणार तुम्ही."

धंद्यात मी भल्याभल्यांना बोलण्यात हरवलंय. समोरच्याला काय हवंय हे कळलं की माणूस कुठे ना कुठे वाकतो. तिला माझ्याकडून काहीच नको होतं. पिंजरा मी परत आणला आणि काही दिवसांनी कबुतरं पाळणाऱ्या एकाला देऊन टाकला.

लोक म्हणतील, झालं ते बरंच झालं, ससे जगले. जगले. पण माझी मुलगी एका परक्या बाईच्या वाडीत जाऊन ससे बघायची आणि घरी येऊन हात धुवायची. त्या बाईने काही न मागता ते सगळं मिळवलं, आणि मी एवढं सगळं करून माझी गॅलरी रिकामीच राहिली. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही.

उन्हाळ्याच्या सुमारास सशिणीला पिल्लं झाली. मला ते बायकोकडून कळलं, तेही पिल्लांचे डोळे उघडल्यावर. मुलगी हॉलमध्ये वहीला कव्हर घालत बसली होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

कव्हराची घडी नखाने दाबत ती म्हणाली, "तुम्ही लगेच आणायला निघाला असता."

मी निघालो असतो, हे खरं आहे.